स्प्लिट-लेव्हल घराचा दर्शनी भाग : आधी दार दिसू द्या

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतल्या मिडलसेक्स काउंटीत आपण १९६२ साली बांधलेले स्प्लिट-लेव्हल घर घेतले आहे. रस्त्यावरून पाहिले असता डाव्या हाताला खाली दोन गाड्यांचे गॅरेज आणि त्याच्यावर निजण्याच्या खोल्या, उजव्या हाताला दिवाणखान्याचा एकमजली भाग, आणि या दोहोंच्या बेचक्यात दबलेले मुख्य दार. खाली लाल विटा, वर फिकटलेले पिवळसर सायडिंग (म्हणजे भिंतीवर मढवलेल्या आडव्या फळ्यांचे आवरण), खिडक्यांच्या दोन्ही बाजूंना काळी शटर्स (शोभेच्या उभ्या फळ्या) आणि दिवाणखान्याच्या मोठ्या खिडकीखाली माजलेली झुडपे. आपल्या यजमानांचे म्हणणे असे, की सगळे घर राखाडी रंगवून टाकावे. काँट्रॅक्टरचे म्हणणे असे, की पुढे उंच त्रिकोणी छप्पर आणि खांब उभे करून घराला कॉलोनियल रूप द्यावे. आपल्याला मात्र नेमके काय खुपते ते सांगता येत नाही. घर ‘कुबड काढून बसल्यासारखे’ दिसते एवढेच आपण लिहिले आहे. खर्चाची मर्यादा आहे आणि आठ-दहा वर्षे तरी याच घरात राहायचे आहे.

मी याच राज्यात वीसहून अधिक वर्षे वास्तुविशारद म्हणून काम करतो आणि माझ्याकडे येणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी बऱ्याच जणांची घरे याच जातीची असतात. ‘कुबड’ हा आपला शब्द मला फार नेमका वाटला. घराचे दुखणे रंगात नाही आणि छपराच्या उंचीतही नाही. रस्त्यावरून पाहणाऱ्याच्या नजरेला दार सापडत नाही, आणि घर एकसंध न वाटता शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन वेगळ्या वस्तूंसारखे वाटते. या दोन गोष्टी सुधारल्या तर बाकीचे बरेचसे आपोआप सुधारते, आणि या दोन्ही तशाच राहिल्या तर कितीही महाग सायडिंग लावले तरी कुबड जात नाही.

हे असे का होते ते समजून घेतले की उपायही सुचू लागतात. दुसऱ्या महायुद्धानंतर, मुख्यतः १९५० ते १९७० या काळात, अमेरिकेच्या उपनगरांत ही घरे मोठ्या संख्येने बांधली गेली. लहान प्लॉटवर, थोड्याशा उतारावर, कमी खोदकामात जास्त खोल्या बसवायच्या होत्या. म्हणून गॅरेज अर्ध्या मजल्याने खाली, दिवाणखाना आणि स्वयंपाकघर मध्ये, झोपण्याच्या खोल्या गॅरेजच्या डोक्यावर, आणि तिन्ही पातळ्यांना जोडणारे सहा-सात पायऱ्यांचे जिने, अशी ही युक्ती होती. आतून ती खरोखर हुशारीची आहे, कारण एका पातळीवरून लगतच्या पातळीवर जायला अर्धाच जिना लागतो. आखणी झाली ती आतून बाहेर. दर्शनी भागाकडे उरलीसुरली दृष्टी गेली. (न्यू जर्सीत ज्याला बाय-लेव्हल म्हणतात ते याचे भावंड आहे. त्यात दार उघडताच अर्धा जिना वर आणि अर्धा खाली जातो. त्याचे दुखणे वेगळे असते, म्हणून पुढचे सगळे त्या घरांना जसेच्या तसे लावू नये.)

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. घर दोन वर्षांत विकायचे असते, तर मी झुडपे कापा, गॅरेजचे दार रंगवा आणि थांबा, एवढेच सांगितले असते. आपल्याला आणखी एक-दोन खोल्या हव्या असत्या, तर मजला चढवण्याचा विचार करावा लागला असता, आणि मग दर्शनी भागावर आत्ता खर्च करणे हा शुद्ध अपव्यय ठरला असता. प्लॉट रस्त्याकडून वर चढतो की खाली उतरतो, आणि रस्त्याच्या बाजूला ज्या सीमारेषेपुढे बांधकाम करण्यास टाउनशिप (येथील स्थानिक प्रशासन) मनाई करते, तिच्या किती आत पुढची भिंत आहे, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. आपण आठ-दहा वर्षे राहणार आहात आणि खोल्या पुरेशा आहेत, हे धरून मी पुढे लिहितो.

प्रथम एक साधा हिशेब करू. दोन गाड्यांच्या गॅरेजचे प्रमाण दार १६ फूट रुंद आणि ७ फूट उंच असते, म्हणजे ११२ चौरस फूट. आपले मुख्य दार ३ फूट रुंद आणि ६ फूट ८ इंच उंच, म्हणजे २० चौरस फूट. साडेपाच पट मोठे दार पांढरेशुभ्र, आणि लहान दार काचेच्या बाह्यदारामागे, सावलीत, तपकिरी. पाहणाऱ्याची नजर कुठे जाणार? या शहरांत घरमालक सवयीने गॅरेजचे दार पांढरे ठेवतात, आणि त्यामुळे घराचा चेहरा म्हणजे गॅरेज असे होऊन बसते. गॅरेजचे दार भोवतालच्या भिंतीत मिसळेल अशा रंगाचे करावे. आपल्याकडे त्याच्या दोन्ही बाजूंना वीट आहे, म्हणून विटेच्या गडदपणाशी जुळणारा मातकट किंवा गडद हिरवट-तपकिरी रंग चालेल. उष्णतारोधक पोलादी दारावर फार गडद रंग उन्हात तापून पत्रा फुगवू शकतो, तेव्हा दाराच्या उत्पादकाच्या अटी आधी पाहाव्यात. मुख्य दाराला मात्र घरात दुसरीकडे कुठेही नसलेला एक ठळक रंग द्यावा. एका शनिवारी उरकणारे हे काम आहे, आणि निम्मे कुबड तेवढ्यानेच उतरलेले मी पाहिले आहे.

पांढऱ्या रंगाचा दुसरा दोष घराच्या कोपऱ्यांवर आहे. आपल्या छायाचित्रात प्रत्येक कोपऱ्याला, प्रत्येक खिडकीला आणि छपराच्या प्रत्येक कडेला पांढरी पट्टी दिसते. साध्या पेटीसारख्या घराला अशी पट्टी शोभते, कारण ती एकाच आकृतीची बाह्यरेषा असते. स्प्लिट-लेव्हल घरात मात्र ती प्रत्येक तुकड्याची वेगळी चौकट काढते आणि घर मुळातच जिथे तुटलेले आहे तिथे ते आणखी ठळकपणे तोडते. कोपऱ्यांच्या पट्ट्या भिंतीच्याच रंगाच्या कराव्यात, आणि फक्त वळचणीची आडवी रेघ आणि खिडक्यांच्या चौकटी एका छटेने वेगळ्या ठेवाव्यात. हे घर आडवे आहे; त्याच्या आडव्या रेघा टिकवायच्या आणि उभ्या रेघा पुसायच्या, एवढे सूत्र ध्यानात ठेवले तर रंगाऱ्याला सूचना देणे सोपे जाते.

शटर्स काढून टाका. खऱ्या शटरचे काम खिडकी झाकण्याचे असते, म्हणजे एकेका फळीची रुंदी खिडकीच्या निम्मी हवी. आठ फुटी खिडकीच्या दोन बाजूंना सव्वा-सव्वा फुटाच्या प्लॅस्टिकच्या फळ्या कोणाला झाकणार? मात्र त्या रंगकामाच्या आधी काढाव्यात, कारण मागे न उडालेल्या रंगाचे चौकोन आणि स्क्रूची भोके राहतात.

आता सायडिंग. ते अ‍ॅल्युमिनियमचे आहे की व्हायनिलचे, हे आपण विचारले आहे. चुंबक दोन्हींना चिकटत नाही, त्यामुळे तो उपयोगाचा नाही. बोटाने टकटक करा. अ‍ॅल्युमिनियम पातळ पत्र्यासारखे वाजते आणि त्याला पोचे पडतात, व्हायनिल मंद वाजते आणि थंडीत तडकते. मग बोट फळीवरून फिरवा. बोटाला पांढरी पूड लागली, तर ते जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या रंगाचे झिजणे आहे, आणि ती पूड धुऊन काढल्याशिवाय वर चढवलेला कोणताही रंग दोन हिवाळ्यांत पापुद्रे सोडतो. आपल्या घराच्या वयावरून आणि छायाचित्रातल्या पोच्यांवरून ते अ‍ॅल्युमिनियमच असावे, आणि ही चांगली बातमी आहे. स्वच्छ धुवून, धातूला धरून राहणारा प्रायमर देऊन, त्यावर उत्तम प्रतीच्या अ‍ॅक्रिलिक रंगाचे दोन हात दिले की ते बरीच वर्षे छान राहते, आणि ते काढून नवीन सायडिंग लावण्यापेक्षा हा खर्च पुष्कळ कमी असतो. व्हायनिल निघाले, तर मूळ रंगापेक्षा गडद रंग देऊ नये, कारण जास्तीच्या उष्णतेने फळ्या वाकतात. गडदच हवा असेल तर व्हायनिलसाठी म्हणून खास तयार केलेल्या छटांतूनच निवडावा.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आली आणि आपले घर त्याच्या सोळा वर्षे आधीचे आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या खाली मूळचे लाकडी सायडिंग शिशाच्या रंगासह शाबूत असू शकते, किंवा अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटच्या फळ्याही असू शकतात. वरून रंगवले तर प्रश्न येत नाही. पण फळ्या उचकटायच्या किंवा खिडक्या बदलायच्या असतील, तर केंद्रीय पर्यावरण संस्थेच्या २०१० पासून लागू असलेल्या नियमानुसार, १९७८ पूर्वीच्या घराचा बाहेरून २० चौरस फुटांहून अधिक रंगीत पृष्ठभाग छेडणाऱ्या कंत्राटदाराकडे शिशाविषयीचे प्रमाणपत्र असावे लागते; खिडक्या बदलण्याला तर या क्षेत्रफळाची सूटही नाही. लहान मुले घरात असताना हा नियम कागदापुरता समजू नये.

यजमानांच्या राखाडीबद्दल. राखाडी वाईट नाही, पण दुकानात ज्याला राखाडी म्हणतात त्यात बहुधा निळ्याची झाक असते, आणि निळ्याच्या शेजारी लाल-नारिंगी वीट अधिकच नारिंगी दिसते. मग दोन महिन्यांनी माणसे विटाच रंगवायला निघतात, आणि माझा खरा विरोध त्याला आहे. वीट पाणी शोषते आणि बाहेर सोडते. साध्या रंगाचा पडदा तिच्यावर बसला की पाणी आत अडकते, जानेवारीत गोठते, आणि मार्चमध्ये विटेचा दर्शनी पापुद्रा रंगासकट खाली पडतो. शिवाय एकदा रंगवलेली वीट पुन्हा पूर्ववत होत नाही आणि दर काही वर्षांनी रंगवण्याचे लचांड कायमचे मागे लागते. विटेचा रंग अगदीच सहन होत नसेल तर चुन्याचा किंवा सिलिकेटचा, श्वास घेऊ देणारा लेप द्यावा; आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या भिंतींना सफेदी देत असत, जवळपास तेच तत्त्व.

माझा सल्ला असा, की वीट जशी आहे तशी ठेवावी आणि भिंतीचा रंग विटांमधल्या दरजांवरून निवडावा. दरजा नीट पाहा. त्या शुद्ध राखाडी नसतात, त्यांत वाळूचा पिवळसर-तपकिरी अंश असतो. त्याच कुळातला उबदार, किंचित हिरवट किंवा मातकट राखाडी रंग वरच्या सगळ्या सायडिंगला, म्हणजे दुमजली आणि एकमजली अशा दोन्ही भागांना एकच, दिला की वीट त्याच्यात शांत बसते आणि यजमानांची राखाडीही होते. छोट्या नमुन्याच्या चिठ्ठीवरून निर्णय घेऊ नये. दोन फूट रुंद आणि तीन फूट उंच अशा पुठ्ठ्यावर रंग लावून तो विटेला टेकवून ठेवा आणि सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला रस्त्याच्या पलीकडे उभे राहून पाहा. हवामान ५० अंश फॅरनहाइटच्या वर असेल तेव्हाच रंगकाम धरा. येथे ते मेच्या सुमारास सुरू होते आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपवलेले बरे.

येथवरचे काम हे रंगाचे आणि काढून टाकण्याचे होते. पैसा ज्याच्यावर खर्च करावा असे मला वाटते ते एकच आहे, आणि ते म्हणजे दारासमोरची जागा.

आपण लिहिलेला एक तपशील मला विशेष महत्त्वाचा वाटला : दिवाळीत दारात रांगोळी काढायला जागाच नाही, आणि सासूबाई आल्या की बाहेरचे काचेचे दार उघडताना त्यांना एक पायरी मागे उतरावे लागते. म्हणजे दाराबाहेरचा काँक्रीटचा चौथरा जेमतेम तीन-साडेतीन फुटांचा आहे आणि बाहेर उघडणारे दार तो सगळा व्यापून टाकते. हातात डबा किंवा कडेवर मूल असलेल्या माणसाला हे धोक्याचे आहे, आणि जे वापरायला अवघड ते दिसायलाही ओशाळवाणे असते. आपल्या मूळ घरांना ओटा असे, ओसरी असे. दार उघडण्याआधी माणूस जिथे टेकतो, चपला काढतो, हाक मारतो ती जागा. स्प्लिट-लेव्हल घराला तीच नाही. किमान ६ फूट रुंद आणि ५ फूट खोल ओटा, त्याला ६ ते ७ इंच उंचीच्या आणि फूटभर रुंदीच्या सावकाश पायऱ्या, आणि वर छप्पर, एवढे झाले की दुरूनही दार कुठे आहे हे विचारावे लागत नाही. ड्राइव्ह-वेपासून येणारी तीन फुटी पायवाटही पाच फुटांची करावी, म्हणजे दोन माणसे बरोबरीने चालू शकतील. पायऱ्यांसाठी पेन्सिल्व्हेनियाचा निळसर फरशीदगड या भागात सहज मिळतो आणि लाल विटेपुढे तो फार देखणा दिसतो.

छपराचे दोन मार्ग आहेत. पहिला, आणि मला अधिक आवडणारा, म्हणजे एकमजली भागाचे छप्पर पुढे ओढून दारापासून दिवाणखान्याच्या खिडकीपर्यंत लांब, ठेंगणी ओसरी करणे. ती बेचक्यातल्या दाराला कवेत घेते, दोन तुकड्यांच्या सांध्यावर एक आडवी रेघ ओढते, आणि घराचा आडवा स्वभाव दडवण्याऐवजी मिरवते. पण येथे गणित आडवे येते. या घरांच्या छपराचा उतार बहुधा फुटाला ४ इंच असतो. तोच उतार ५ फूट पुढे नेला की वळचण २० इंच खाली येते. आज ओट्यापासून वळचण ८ फुटांवर असेल, तर नवी वळचण ६ फूट ४ इंचांवर येईल, आणि आपल्या यजमानांचे कपाळ तिच्यावर आपटेल. म्हणून पुढच्या भागाचा उतार कमी करावा लागतो, आणि उतार कमी केला की छपराचे साहित्य बदलावे लागते : डांबरी शिंगल्स फुटाला २ इंचांपेक्षा कमी उतारावर चालत नाहीत, आणि २ ते ४ इंचांच्या दरम्यान त्यांच्याखाली दुहेरी अस्तर लागते. त्याहून सपाट छपराला उभ्या दुमडीच्या जोडांचा पत्रा घालावा. तो पाणी रोखतोच, शिवाय ओसरी मूळ घरापेक्षा वेगळी, मुद्दाम घातलेली आहे हे प्रामाणिकपणे सांगतो.

दुसरा मार्ग म्हणजे केवळ दारावर दोन खांबांची लहानशी छत्री. खर्च कमी, पण ती फार लहान केली तर घराच्या कपाळावर टिकली लावल्यासारखी दिसते. कोणताही मार्ग घेतला तरी खांब बारीक नकोत. साडेतीन इंची खांबावर छप्पर उभे राहते हे खरे, पण रस्त्यावरून ते काडेपेटीच्या काड्यांवर ठेवल्यासारखे दिसते. बाहेरून फळ्या मढवून खांब आठ इंचांचा करावा. ओसरीला पुढून पन्हळ हवीच. तिला येथे गटर म्हणतात, आणि नवीन आलेल्या मराठी माणसाला ‘छपराला गटर लावा’ हे वाक्य पहिल्यांदा ऐकताना कसेसेच होते. पण ती नसेल तर पागोळ्या नेमक्या पायऱ्यांवर पडतात आणि जानेवारीत तिथे बर्फाची काच तयार होते.

ज्या ठिकाणी ठेंगण्या छपराची कड दुमजली भिंतीला भिडते, ती या घरांची सर्वांत नाजूक जागा आहे, आणि नवी ओसरी तिलाच हात घालते. तेथे भिंतीलगत पायरी-पायरीने बसवलेले पत्रे लागतात आणि अगदी खालच्या टोकाला, पाणी भिंतीपासून दूर पन्हळीत फेकणारा एक वाकवलेला लहान पत्रा लागतो. तळहाताएवढी ही गोष्ट आहे. काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाने मला बोलावले होते. आधीच्या कंत्राटदाराने त्यांना सुंदर नवे सायडिंग लावून दिले होते आणि हा पत्रा विसरला होता. दाराशेजारच्या तीन फळ्या मी उचकटल्या तर मागचे प्लायवूड चहात बुडवलेल्या पावासारखे हातात आले, आणि त्यामागे खोलीचा उभा वासा काळा पडला होता. बाहेरून त्याची खूण म्हणजे दाराच्या चौकटीजवळ एक बोटभर तपकिरी ओघळ, एवढीच होती. आपल्या दुसऱ्या छायाचित्रात गॅरेजच्या दाराच्या उजव्या अंगाला मला तसाच ओघळ असल्याचा भास होतो. तो विटेवरचा साधा डागही असू शकेल, परंतु रंगाऱ्याला बोलावण्याच्या आधी त्याच्या वरची सायडिंगची एक फळी काढून आत पाहा.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवा. आधी पाणी : हा सांधा, पन्हळी, आणि भिंतीपासून जमिनीचा उतार, जो पहिल्या १० फुटांत किमान ६ इंच बाहेरच्या बाजूला असावा. त्यानंतर ओटा आणि ओसरी. मग रंग, दिवे आणि घराचा क्रमांक. लागवड शेवटी. झुडपांची छाटणी मात्र याच आठवड्यात करता येईल, कारण तिला पैसा लागत नाही आणि घर कसे आहे हे तिच्याशिवाय दिसणारही नाही.

काँट्रॅक्टरने सुचवलेल्या कॉलोनियल रूपाला माझा विरोध चवीचा नाही. कॉलोनियल घराची शोभा समतोलातून येते : मध्ये दार आणि दोन्ही बाजूंना सारख्या खिडक्या. आपल्या घराच्या दोन बाजू उंचीनेही सारख्या नाहीत. त्यांच्यामध्ये उंच त्रिकोण आणि खांब उभे केले, की घराला आता दोनाऐवजी तीन तुकडे झाले, आणि तिसरा सर्वांत मोठ्याने बोलणारा. खर्चही सर्वांत जास्त. हीच गोष्ट कृत्रिम दगडाच्या पातळ आवरणाची : वीट आणि सायडिंग ही दोन साहित्ये आधीच आहेत, तिसरे आणू नये. ओसरीच्या छताला आतून लाकडी फळ्या लावल्या तर तेवढा एक अपवाद मी करीन, कारण दारात उभ्या असलेल्या माणसाला ते छत जवळून दिसते.

परवानग्यांविषयी थोडक्यात. रंगाला परवानगी लागत नाही, ओसरीला लागते. न्यू जर्सीतल्या या काळातल्या घरांची पुढची भिंत बहुधा अगदी सीमारेषेवरच बांधलेली असते, त्यामुळे पाच फूट पुढे आले की मर्यादा ओलांडली जाते. काही टाउनशिप उघड्या ओसरीला थोडी सवलत देतात. देत नसल्यास स्थानिक मंडळापुढे अर्ज करून, २०० फुटांच्या आतील मालमत्ताधारकांना नोटीस पाठवून, सुनावणीला उभे राहावे लागते. हे ऐकायला भयंकर वाटते, पण साध्या उघड्या ओसरीला शेजाऱ्यांनी हरकत घेतल्याचे मी क्वचितच पाहिले आहे. फक्त त्यात काही महिने जातात, म्हणून अर्ज हिवाळ्यात करावा. खांबांचे पाये जमीन गोठते त्याच्या खाली, साधारण ३ फूट खोल न्यावे लागतात, आणि खोदण्यापूर्वी किमान तीन कामकाजाचे दिवस आधी ८११ वर फोन करून जमिनीखालच्या गॅस आणि विजेच्या वाहिन्या आखून घ्याव्या लागतात. हा फोन फुकट आहे. कंत्राटदार राज्याच्या ग्राहक विभागाकडे नोंदलेला असावा, आणि ५०० डॉलरपेक्षा मोठ्या कामाचा करार लेखी असणे हा येथे कायदा आहे. ओळखीचा माणूस आहे म्हणून तोंडी ठरवू नये; आपल्या लोकांत हीच चूक सर्वाधिक होते.

लागवडीचा मुद्दा मला लवकर आटोपता येईल. खिडकीखालची ती माजलेली झुडपे बहुधा ‘यू’ नावाच्या सदाहरित जातीची आहेत. ती खिडकीच्या कठड्याच्या खाली छाटा किंवा काढून टाका. नवीन लावताना रोपाच्या चिठ्ठीवर लिहिलेली पूर्ण वाढीची उंची वाचा, कारण मागच्या मालकानेही ती झुडपे गुडघ्याएवढी असतानाच लावली असणार. हरणांचा त्रास असेल तर ट्यूलिप, होस्टा आणि आर्बरव्हिटी यांच्या वाटेला जाऊ नका. पिएरिस आणि बॉक्सवुड ती सहसा सोडून देतात. एकमजली भागाच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे, भिंतीपासून दहा-बारा फूट दूर, डॉगवुड किंवा रेडबडचे एक लहान झाड लावा. डाव्या बाजूची उंची उजवीकडे त्या झाडाने भरून निघते, आणि ही सगळ्या यादीतली सर्वांत स्वस्त वास्तुकला आहे. तुळस ओट्यावर कुंडीतच ठेवा, कारण ऑक्टोबरात तिला घरात घ्यावे लागेल.

दिवे पिवळसर प्रकाशाचे, २७०० केल्विनच्या आसपासचे घ्यावेत, आणि सर्वांत उजळ दिवा गॅरेजवर न लावता दारावर लावावा. घराचा क्रमांक पाच इंची आकड्यांत, दाराशेजारी, रस्त्यावरून वाचता येईल असा.

आपण ओसरीचा विचार करणार असाल, तर मला तीन मापे कळवा. घर घेताना मिळालेल्या कागदांत जमिनीचा सर्व्हे असेल, त्यावरून पुढच्या भिंतीपासून हद्दीपर्यंतचे अंतर. मुख्य दाराच्या कडेपासून दुमजली भिंतीच्या कोपऱ्यापर्यंतची रुंदी. आणि उंबरठ्याच्या वरच्या कडेपासून वळचणीच्या खालच्या कडेपर्यंतची उंची. शेवटचे माप दोन ठिकाणी घ्या, दारापाशी आणि खिडकीपाशी, कारण साठ वर्षांत ही छपरे एका बाजूला इंच-दीड इंच बसलेली असतात. ही उंची साडेसात फुटांपेक्षा कमी भरली, तर ओसरीचा नाद सोडून आपण छत्रीबद्दलच बोलू.